रिळाच्या तळातली गाठ

फ्लाय फिशिंग करणारी माणसं एकत्र आली की फेकीवर बोलतात, फ्लायवर बोलतात, नदीवर तर तासन्‌तास बोलतात. गाठींचा विषय निघाला की कुणीतरी चहा मागवतो आणि बोलणं दुसरीकडे वळतं. गाठ म्हणजे रीळ विकणाऱ्या दुकानदाराने मारून दिलेली, नाहीतर एखाद्या जाणत्या मित्राने घाईघाईत आवळून दिलेली गोष्ट, असा एकूण समज. या पुस्तकाचा विषय मात्र तेवढाच आहे. त्यातही निम्मी पानं अशा गाठींना दिली आहेत, ज्या नदीवर मारायच्याच नसतात. त्या घरी, टेबलाशी बसून, चांगल्या उजेडात मारायच्या. एकदा मारल्या की त्या वर्षानुवर्षं रिळाच्या पोटात दिसेनाशा होतात, आणि त्यांची परीक्षा होते ती आजवरचा सगळ्यात मोठा मासा लागतो त्या दिवशी.

इतक्या गाठी लागतातच कशाला, हे आधी सांगायला हवं. कोकणात जेटीवर नाहीतर खाडीच्या बांधावर गरवायला बसलेल्या माणसाकडे पाहा. हातात तंगुसाचं भेंडोळं, टोकाला गरी, गरीला कोळंबी, आणि जरा वर शिशाचा तुकडा. शिशाच्या वजनाने दोर लांब जातो. सगळा दोर एकाच जातीचा, त्यामुळे गाठी दोन-तीन, आणि त्या तो गप्पा मारता मारता, न बघता मारतो. फ्लाय फिशिंगमध्ये हे शिसं नाही. टोकाला असतो तो गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला किडा, त्याला वजन जवळजवळ नाहीच. तो हवेतून चाळीस-पन्नास फूट जायचा तर वजन दोरातच असावं लागतं. म्हणून फ्लाय लाईन जाड असते. आत विणीचा गाभा, वर पीव्हीसीचा लेप. पाच नंबरच्या लाईनीचे पहिले 30 फूट तोलले तर 140 ग्रेन, म्हणजे सुमारे 9 ग्रॅम भरतात. लाईनीचा नंबर ठरतो तो याच वजनावरून.

ही जाड, रंगीत लाईन थेट माशापुढे नेली तर मासा थांबणार नाही. म्हणून तिच्यापुढे निमुळता होत जाणारा पारदर्शक लीडर, साधारण 9 फुटी, आणि त्याच्या टोकाला अगदी बारीक टिपेट. मागच्या बाजूला वेगळीच अडचण. लाईन असते सुमारे 90 फूट, आणि मोठा मासा तेवढं अंतर एका धावेत खाऊन टाकतो. त्यासाठी लाईनीच्या मागे, रिळाच्या तळाशी, 100 यार्ड किंवा त्याहून जास्त डेक्रॉनची बारीक विणलेली दोरी भरून ठेवतात. ती बॅकिंग. म्हणजे रिळापासून माशाच्या तोंडापर्यंत निरनिराळ्या स्वभावाचे दोर आले. डेक्रॉन मऊ आणि खरबरीत, पीव्हीसीचा लेप दाबला की दबणारा, लीडरचं नायलॉन ताठ आणि निसरडं. सारखे दोन दोर जोडणं सोपं. जाड, मऊ दोराला बारीक, ताठ दोर जोडायचा म्हणजे विजोड लग्न लावणं, आणि फ्लाय फिशिंगच्या बहुतेक गाठी अशाच लग्नांसाठी घडल्या आहेत.

पूर्वी हा पसारा एवढा नव्हता. 1496 साली इंग्लंडमध्ये छापलेल्या गळ टाकण्यावरच्या प्रबंधात (तो डेम जुलियाना बर्नर्स यांच्या नावावर सांगितला जातो) घोड्याच्या शेपटीचे केस पिळून दोर करायला सांगितलं आहे. लहान माशाला एकच केस, माशाच्या आकाराप्रमाणे पुढे वाढवत जायचं. त्यात रीळ नाही, दोर काठीच्या शेंड्यालाच बांधलेला, त्यामुळे बॅकिंगचा प्रश्नच नाही. पुढे रीळ आलं, रेशमी लाईन आली आणि तिच्यापुढे लावायला गट आलं. गट म्हटलं की आतड्याची तात डोळ्यांपुढे येते, पण हे गट रेशमाच्या किड्याचं. स्पेनमधल्या मुर्सिया भागात कोष विणायच्या बेतात आलेले किडे व्हिनेगरमध्ये टाकत, पोटातल्या रेशीमग्रंथी काढून हाताने ताणत, आणि वाळल्यावर त्यांचा चिवट, पारदर्शक धागा होई. प्रत्येक धागा जेमतेम हात-दीड हात. असे तुकडे जोडून लीडर करायचा तर गाठी आल्याच, आणि ब्लड नॉट ही दोन्ही बाजूंनी वेढे घेऊन मधोमध टोकं अडकवणारी गाठ या कामावर रुळली. कोरडं गट गाठ मारताना कडकन मोडे. म्हणून नदीवर निघायच्या आधी लीडर ओल्या कापडात भिजत ठेवावा लागे.

टिपेटच्या जाडीला आजही 4एक्स, 5एक्स म्हणतात, तो याच गटाच्या काळातला वारसा. गट बारीक करायला ते साच्याच्या भोकातून ओढत, आणि जितक्या वेळा ओढलं तितके एक्स. आता कुणी काही ओढत नाही, पण हिशेब राहिला आहे. अकरातून एक्सचा आकडा वजा करायचा, उरेल तेवढे हजारांश इंच ही दोराची जाडी. 5एक्स म्हणजे सहा हजारांश इंच, आपल्या मापाने 0.15 मिलिमीटर. गळाच्या नंबराला तिनाने भागलं की साधारण कोणतं टिपेट लावायचं तेही कळतं. चौदा नंबरच्या फ्लायला 5एक्स. आकड्यांशी वैर असलेल्यांनीही एवढं पाठ करावं.

1938 साली ड्यू पाँट कंपनीने नायलॉन जाहीर केलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बघता बघता गट संपलं. नायलॉन अखंड मिळे, भिजवायला नको, कुजायचं भय नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या गाठी त्यावर सुटू लागल्या. ओलं गट गाठीत रुतून बसायचं. नायलॉन गुळगुळीत, आणि वाकवलं तर पुन्हा सरळ व्हायला बघणारं. हॅम्पशायरच्या मेजर टर्ल यांच्या नावाने चालणारी गाठ गटावर बिनघोर वापरत, नायलॉनवर तिचा भरवसा उरला नाही. तीच गोष्ट आता जेल-स्पन नावाच्या नव्या बॅकिंगच्या बाबतीत घडते आहे. हा दोर डेक्रॉनपेक्षा बराच बारीक आणि तेवढ्या जाडीला कितीतरी बळकट, पण इतका निसरडा की डेक्रॉनवर पाच वेढ्यांत भागणारी गाठ त्यावर तशीच मारली तर हातात सुटून येते. जुन्या पुस्तकातली गाठ नव्या दोरावर मारण्याआधी ती घरी ओढून पाहावी, हा आग्रह या पुस्तकात जागोजागी दिसेल, त्याचं कारण हे.

गाठ धरून ठेवते ती घर्षणाने. वेढे एकमेकांना दाबतात, ताण वाढला की दाब वाढतो, आणि दाब वाढला की दोर हलत नाही. निदान हलू नये. नायलॉनला एक साधी गाठ पडली, तर तिथली ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, कारण दोर अगदी लहान वळणात मुरगळतो आणि स्वतःच्याच अंगावर आडवा घासतो. फेक बिघडली की अशा गाठी लीडरमध्ये आपोआप पडतात. इंग्रजीत त्यांचा दोष वाऱ्यावर ढकलतात, बहुतेक वेळा तो मनगटाचा असतो. अशी गाठ दिसली तर नखाने सोडवत बसू नये. ती आवळली गेली असेल तर सुटूनही उपयोग नाही, दोर तिथे चेपलेला असतो. टिपेट कापून नवं जोडावं.

अमेरिकेचे लेफ्टी क्रे (1925–2018) आणि मार्क सोसिन यांनी 1972 साली मासेमारीच्या गाठींवर एक छोटं, कामाचं पुस्तक लिहिलं. क्रे आयुष्यभर एक मुद्दा सांगत राहिले. गाठ तुटण्याआधी सरकते. सरकली नाही तर ती सहसा तुटत नाही. या एका गोष्टीवर बाकीचे सगळे नियम उभे आहेत. गाठ आवळण्याआधी ओली का करायची? कोरडं नायलॉन स्वतःवर घासलं की तापतं, तापलं की दुबळं होतं, म्हणून. थुंकी पुरते, आणि बर्फाच्या नदीत उभं असताना तीच हाताशी असते. सावकाश का आवळायची? वेढे एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसावेत म्हणून. आणि पूर्ण का आवळायची? अर्धवट आवळलेली गाठ माशाच्या हिसक्याने उरलेली आवळली जाते, तेव्हा ती कोरडी असते, वेगात असते आणि पुरेसा ताणही तिच्यावर आधीच आलेला असतो.

मासा सुटला की लोक आधी शिवी देतात आणि मग दोर गुंडाळतात. मधे एक काम करावं. तुटलेलं टोक डोळ्यांजवळ धरावं. टोक सरळ आणि तुटक असेल तर दोरच तुटला. दगडावर घासला असेल, माशाच्या मानाने टिपेट बारीक पडलं असेल. टोकाला बारीक गुंडाळ्या पडल्या असतील, डुकराच्या शेपटीसारख्या, तर दोराला काही झालेलं नाही, गाठ सरकत सरकत उलगडली. या दोन टोकांमधला फरक ज्याला कळला, त्याला या पुस्तकातलं बरंचसं आधीच कळलं म्हणायला हरकत नाही.

आता बॅकिंगकडे वळू, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. ट्राऊटच्या सरंजामातलं 5एक्स टिपेट साधारण 2 किलोच्या आसपास तुटतं. नेहमीची डेक्रॉनची बॅकिंग 20 पौंडी, म्हणजे 9 किलोची. लाईनीचा गाभाही त्याच घरातला. हिशेब सरळ आहे, मागचं सगळं पुढच्यापेक्षा चौपट बळकट. काही तुटायचं असेल तर ते टिपेटच तुटलं पाहिजे. तिथे तुटलं तर जातो एक फ्लाय आणि हातभर दोर. मागे, बॅकिंग आणि लाईनीच्या जोडावर सुटलं तर चार-पाच हजारांची लाईन जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे मासा 90 फूट लाईन ओढत जातो. ती एखाद्या मुळीत नाहीतर खडकात अडकते आणि मासा तिथेच बांधला जाऊन मरतो. टिपेटची गाठ आपण दिवसातून कितीदा तरी नव्याने मारतो आणि ती नजरेसमोर असते. बॅकिंगची गाठ एकदा मारून विसरतो. काळजी मात्र सगळे पहिलीची करतात.

रिळाच्या दांड्यावर बॅकिंग बांधायला आर्बर नॉट. दांड्याला वेढा घेऊन मूळ दोराभोवती एक साधी गाठ, टोकाला आणखी एक अडसर म्हणून, आणि ओढलं की झालं. या गाठीच्या ताकदीवर वाद घालणारे लोक आहेत. मला तो वाद फुकटचा वाटतो. मासा तिथपर्यंत पोहोचला तर खेळ तसाही संपलेला असतो. तिचं खरं काम रीळ भरताना बॅकिंगने दांड्यावर नुसतं गरगर फिरू नये एवढंच. जेल-स्पन असेल तर आधी दांड्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावावा. खरं महत्त्व आहे ते भरताना दिलेल्या ताणाला. बॅकिंग सैल गुंडाळली तर मोठा मासा ओढायला लागल्यावर वरचे वेढे खालच्या वेढ्यांत रुततात, दोर अडकतो, रीळ जागच्या जागी थांबतं आणि टिपेट तुटतं. मग गाठीला शिव्या बसतात. भरताना जाड हातमोजा घालून दोर चिमटीत घट्ट धरावा आणि वेढे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे पसरत न्यावेत. जेल-स्पन उघड्या बोटांनी भरायला जाऊ नये, चामडी कापते.

बॅकिंग आणि लाईन जोडायला दोन घराणी आहेत. एक नेल नॉट, दुसरी फ्लोरिडा कीजमधले गाईड जिमी अल्ब्राइट यांच्या नावाची अल्ब्राइट. समुद्रावर टार्पनसारख्या माशांमागे लागणारे लोक अल्ब्राइट पसंत करतात. लाईन दुमडून फास करायचा, बॅकिंग त्यात घालून दहा-बारा वेढे फासाच्या टोकाकडे घेत यायचं आणि ज्या बाजूने आत गेली त्याच बाजूने ती बाहेर काढायची. ही शेवटची अट विसरली की गाठ दिसते अगदी बरोबर आणि ओढली की सुटते. ताकद चांगली, पण दुमडीमुळे गाठीला गोळा येतो आणि रॉडच्या कड्यांतून जाताना तो खडखडतो, कधी अडकतो. नेल नॉट सडसडीत असते. नद्यांवरच्या कामाला माझं मत तिच्या बाजूने आहे.

नावात खिळा असला तरी खिळा वापरू नये. बॉलपेनची संपलेली रिफिल धुऊन तिचा दोन इंची पोकळ तुकडा कापून घ्यावा. लाईनीचं टोक, रिफिल आणि बॅकिंग ही तिन्ही डाव्या चिमटीत एकाला एक लावून धरायची. बॅकिंगचं मोकळं टोक उलटं फिरवून तिन्हींभोवती सहा-सात वेढे घ्यायचे, प्रत्येक वेढा आधीच्याला खेटून, आणि घेतलेला वेढा लगेच चिमटीखाली सरकवायचा. मग टोक रिफिलच्या पोकळीतून पलीकडे काढायचं. आता चिमूट ढिली न करता रिफिल अलगद ओढून घ्यायची. हीच ती जागा जिथे नवखा हात सैल होतो आणि वेढे फिसकटतात. बॅकिंगची दोन्ही टोकं हळूहळू ओढली की वेढे लाईनीवर बसतात, आणि नीट बसल्यावर थुंकी लावून शेवटचा जोर दिला की ते पीव्हीसीच्या लेपात रुतलेले नुसत्या डोळ्यांना दिसतात. रुतलेले दिसले नाहीत तर कापून पुन्हा मारावी. लीडरचा जाड बुंधा लाईनीला जोडायचा तोही याच कृतीने.

हल्ली बऱ्याच लाईनींना कारखान्यातूनच दोन्ही टोकांना फास जोडून येतात. लीडरलाही फास असतो. मग फासात फास घातला की काम भागतं, आणि नेल नॉट शिकायची गरज काय, असं विचारणारे बरोबरच विचारतात. पण फासात फास घालायच्याही दोन तऱ्हा होतात. दोन्ही फास एकमेकांत सारखे गुंतून चौकोनी बसले तर उत्तम. एक फास सरळ राहिला आणि दुसऱ्याने त्याचा गळा आवळला, तर आवळणारा बारीक नायलॉनचा फास लाईनीचा लेप कापत जातो. ओढण्याआधी एकदा बघितलं तर हे टळतं. बॅकिंगच्या टोकाला फास करायचा तर एवढा मोठा करावा की लाईनीचं अख्खं भेंडोळं त्यातून पार जाईल. लाईन बदलताना मग एकही गाठ कापावी लागत नाही. कारखान्याचा फास दोन-तीन हंगामांनी तडकतो, तेव्हा रिफिलचा तुकडा शोधावा लागतोच.

क्लिफर्ड ॲशली यांच्या 1944 च्या ग्रंथात 3800 हून अधिक गाठी आहेत. या पुस्तकात त्यातल्या नखाएवढ्याही नाहीत आणि ते मुद्दाम आहे. आर्बर, नेल, लीडरच्या फासासाठी परफेक्शन लूप, दोन टिपेटं जोडायला सर्जन्स, आणि फ्लाय बांधायला क्लिंच. एवढ्या पाचांत हिमालयातल्या नद्यांवरचं सगळं भागतं. ब्लड नॉट सर्जन्सपेक्षा देखणी आहे, तिच्यावर प्रेम करणारे करोत. पण गार वाऱ्यात, बोटं बधिर असताना, सांजावताना मारायची तर सर्जन्स सोपी, आणि दोन दोरांच्या जाडीत फरक असेल तर जास्त भरवशाची. अल्ब्राइट आणि बिमिनी ट्विस्ट शेवटच्या प्रकरणात आहेत, ज्यांना महाशीरमागे किंवा समुद्रावर जायचं आहे त्यांच्यासाठी.

भारतात फ्लाय टाकायच्या जागा मोजक्या. काश्मीरमध्ये ट्राऊट आणले गेले 1900 साली, स्कॉटलंडहून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते कुलूकडे आणि निलगिरीतही पोहोचले. तीर्थन नदीवर आज मराठी बोलणारी माणसं रॉड घेऊन भेटतात. ट्राऊटला बॅकिंग क्वचितच लागते, हे खरं. महाशीरला लागते. हा मासा फ्लाय घेतल्याबरोबर उलटून प्रवाहाबरोबर खाली धावतो, आणि खडकांच्या नदीत त्याच्यामागे पळणं माणसाला जमत नाही. रीळ रिकामं होत जातं आणि बॅकिंगचा जोड एक-एक कडं ओलांडत बाहेर पडतो. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून महाशीरची पैदास करून पिल्लं नद्या-तलावांत सोडली जात आहेत, आणि महाडजवळच्या वाळणकोंडीत गावकरी देवीचे मासे म्हणून त्यांना सांभाळतात. त्याच जातकुळीतल्या कावेरीच्या मोठ्या महाशीरला 2018 साली अतिसंकटग्रस्त ठरवलं गेलं. असा मासा धरायचा तो सोडण्यासाठीच, तोही जिथे परवाना मिळतो तिथेच, अभयारण्यात नाही. तोंडात गळ आणि मागे दोर घेऊन तो निसटला, तर तो आपण सोडला असं होत नाही.

पुस्तक वाचताना शेजारी जाड सुतळी आणि दोन रंगांची नाडी घेऊन बसा. आकृती आधी सुतळीवर, मग नायलॉनवर. मारलेली प्रत्येक गाठ ओढून तोडून पाहा, कुठे तुटली ते बघा. ज्यांच्याकडे जुनं रीळ आहे त्यांनी पहिलं प्रकरण उघडण्याआधी लाईन पूर्ण उलगडून बॅकिंगचा जोड हातात घ्यावा, आणि तो कुणी, कधी मारला हे आठवत नसेल तर सरळ कापून टाकावा. आणि एक विनंती. कापलेले नायलॉनचे तुकडे नदीकाठी टाकू नका. ते कुजत नाहीत आणि पाखरांच्या पायांत अडकतात. खिशात घालून घरी आणा.